पाठीवरचा मीना

दागिना उलटा करून पाहावा, ही सवय आम्हांस आमच्या आईने लावली. घरात तिला सर्वजण माई म्हणत. सणावाराला पेटी उघडली की ती तन्मणी बाहेर काढी, मोत्यांचे सर तळहातात गोळा करी आणि मधले खोड आमच्यापुढे उपडे धरी. पुढच्या बाजूस पांढरे खडे आणि मध्ये एक माणिक; असे खोड माळव्या-निमाडातील जुन्या मराठी घरांतून पुष्कळ पाहावयास मिळे. पण मागच्या बाजूस पांढऱ्या जमिनीवर तांबडी फुले, हिरवी पाने आणि पानांच्या आड नखाएवढा एक पक्षी असे. माई म्हणे, "हे कुणाला दिसत नाही. हे माझं." त्या वयात आम्हांस पक्षी तेवढा आवडे. वाक्याकडे लक्ष जाण्यास पुढे चाळीस वर्षे लागली, आणि तोवर तन्मणी उरला नव्हता.

कुंदनाच्या दागिन्याची ही रीत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पुढे खडे, मागे मीना. पुढची बाजू जगाकडे, मागची अंगाकडे. हा मीना म्हणजे रंग नव्हे, काच होय. धातूंच्या भस्मांनी रंगविलेली काच कुटून वस्त्रगाळ करतात; कोबाल्टने ती निळी होते, तांब्याने हिरवी, कथिलाने दुधासारखी पांढरी. सोन्याच्या पत्र्यावर आधी नक्षी कोरून खळगे पाडतात, खळग्यांत ही ओली पूड सळईने भरतात आणि भट्टीत घालतात. भट्टीचा ताव असा हवा की काच वितळावी आणि सोने वितळू नये. शुद्ध सोने सुमारे १०६४ अंश सेल्सिअसला वितळते, मीना आठशेच्या आसपास. कारागिराचा सारा संसार त्या दोहोंमधल्या अंतरात चालतो. ज्या रंगाला आच अधिक सोसते तो आधी, नाजूक रंग मागाहून. म्हणून पांढरा पहिला आणि तांबडा सर्वांत शेवटी, कारण तांबड्याला आच थोडी जरी जास्त झाली तरी तो काळवंडतो. एकदा चुकले की आधीचे सारे रंग हातचे जातात.

ही विद्या आपल्याकडे मोगलाईत रुजली. आमेरच्या राजा मानसिंहाने लाहोरहून मीनाकार आणून वसविले, अशी जयपूरची परंपरा सांगते. बनारसचा गुलाबी मीना प्रसिद्धच आहे. या कामात एका दागिन्यावर किती हात फिरत, तेही पाहण्याजोगे आहे. चितारी आकृती काढी, सोनार घाट घडवी, दुसरा कोरणी करी, मीनाकार रंग भरी, जडिया खडे बसवी आणि शेवटी पटवा रेशमात ओवी. यांतील कुणाचेही नाव दागिन्यावर नसे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जे कुणी पाहणार नाही, ते सुंदर कशासाठी करावे?

याचे एक व्यवहारी उत्तर आहे, आणि ते खरे आहे. कुंदनाचे सोने शुद्ध, म्हणून मऊ. अंगाशी, वस्त्राशी रोज घासून ते झिजते. मागे काचेचा थर दिला की झीज थांबते, सोने वाचते. आमचे एक स्नेही, रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, या उत्तरापाशी थांबतात आणि पुढचे सारे आमचे भावुक कवित्व आहे असे म्हणतात. त्यांना आमचा एकच प्रतिप्रश्न असतो: झीजच थांबवायची तर सपाट हिरवा थर पुरला असता. पानाआड पक्षी कशाला? त्या पक्ष्याने एक गुंजभरही सोने अधिक वाचत नाही. यावर प्राध्यापकमहाशय चहा मागवतात.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला हा प्रश्न अधिकच टोचावा, कारण आमच्या गावचा जुना लौकिक याच्या बरोबर उलट कामाबद्दल होता. बुऱ्हाणपूरचे कलाबतू एके काळी हिंदुस्थानभर जाई. चांदीच्या कांबीवर सोन्याचा वर्ख चढवून ती तापवीत आणि पोलादी पट्टीच्या छिद्रांतून, मोठ्यातून लहान, लहानातून अधिक लहान, अशी ओढीत नेत. तार केसासारखी होई, तरी सोन्याचा पातळ थर चांदीवर टिकून राही. मग ती चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळीत. येथे सर्व सोने दर्शनी. आत चांदी, तिच्या आत रेशीम. यात फसवणूक नव्हती, घेणारास सर्व ठाऊक असे. थोड्या सोन्यात पुष्कळ झळाळी, हे त्या कसबाचे ब्रीद होते आणि त्यावर कित्येक पिढ्यांची पोटे भरली. परंतु कलाबतूची पाठ कोणी पाहत नाही, कारण तिला पाठच नाही. मीनाकाराने मात्र पाठीला चेहऱ्याइतकेच कष्ट दिले. ही दोन्ही कसबे आमच्या लहानपणी एकाच पेटीत नांदत: माईच्या शालूच्या पदरावर एक, तन्मणीच्या मागे दुसरे.

आमची नोकरी राज्य शासनाच्या कोषालयात झाली. कोषालयातील तळघराला दोन कुलपे असतात, दोन किल्ल्या दोन माणसांजवळ. आत मोहोरबंद पुडकी. वर्षाकाठी आम्ही ती मोजत असू. मोहोर शाबूत आहे ना, चिठ्ठी जुळते ना, एवढे पाहावयाचे. आत काय आहे हे पाहण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, आणि खरे सांगायचे तर हळूहळू इच्छाही उरली नाही. चिठ्ठ्यांवरची भाषा मोठी सावध असे. जप्तीचा दागिना असला तर पंचनाम्यात 'सोने' असे कधी लिहीत नाहीत. 'पीली धातु' असे लिहितात. पंचांना कस ठाऊक नाही, उगाच सोने म्हणून लिहिले आणि उद्या पितळ निघाले तर जबाबदारी कुणाची? वर्षानुवर्षे पिवळा धातू मोजल्यावर मनुष्याच्या दृष्टीवर काय परिणाम होतो, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. जे नोंदवता येते तेवढेच आहे, असे वाटू लागते.

२००९ साली माई गेली. पुढच्या वर्षी आम्ही तिघे भावंडे, म्हणजे आम्ही, धाकटी बहीण आणि त्याहून धाकटे बंधू, पेटी उघडून बसलो. वडीलकीमुळे आणि नोकरीमुळे हिशेब आमच्याकडे आला. पाटल्या, बोरमाळ, ठुशी, मोहनमाळ यांचे तीन सारखे वाटे सहज पडले. दोन-चार गुंजांचा फरक रोख रकमेने भागवला. तन्मणी उरला. एकच नग, तीन वारस.

बहीण म्हणाली, "मोडू नका. आपण फिरता ठेवू. एकेक वर्ष एकेकीकडे."

आम्ही म्हणालो, फिरत्या मालाचे शेवटी काय होते ते आम्ही पाहिले आहे. आज आपण तिघे आहोत, उद्या सहा मुले असतील.

"मग मी घेते. माझ्या वाट्यातून वळते कर."

येथे आमच्यातला कोषालय अधिकारी जागा झाला. कोणत्या भावाने वळते करावयाचे? सोनाराला विचारले. त्याने खोड हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि बाजाराचा नियम सांगितला: मोडीला घडणावळ धरत नाहीत, लाख, काच, मीना वजा, निव्वळ सोन्याचे काय ते पैसे, मोती वेगळे. त्या हिशेबाने तन्मणी अगदीच स्वस्त होता. बहिणीने त्या भावाने घेतला तर घडणावळ तिला फुकट मिळते, आणि धाकट्यावर अन्याय होतो. घडणावळ धरावी, तर तिचा दर कोण सांगणार? तसे काम करणारा गावात कोणी नाही. आम्ही कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. धाकट्या बंधूंच्या मुलीचे अभियांत्रिकीचे शुल्क त्याच महिन्यात भरावयाचे होते. अखेर आम्ही निर्णय दिला की ज्याची किंमत ठरत नाही ते वाटताही येत नाही; सबब मोडावे आणि समान तीन भाग करावेत. बहीण काही बोलली नाही. तिने मोत्यांचे सर मात्र मागून घेतले.

सोनाराने लाख तापवून काढली, खडे उचकटले, आणि उरलेले सोने तुकडे करून मुशीत टाकले, वर टाकणखार. मीना जळत नाही. सोने वितळते त्या तावात काच पाण्यासारखी पातळ होते आणि टाकणखाराबरोबर मळीत तरंगते. सोन्याची लगडी निवाल्यावर त्याने ती ठोकून मळी फरशीवर झाडली. आम्ही त्यातले बोरीएवढे दोन गोळे उचलून खिशात घातले. वजनाच्या पावतीत त्यांचा उल्लेख नव्हता.

या निर्णयावर आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. सेवानिवृत्तीनंतर विचारास वेळही पुष्कळ मिळतो. आमच्या बाजूने बोलण्यासारखे कमी नाही. पुतणीचे शुल्क वेळेवर भरले गेले, ती आज चांगल्या नोकरीत आहे. तन्मणी कपाटात बंद राहून कुणाचे शिक्षण झाले नसते. दागिना म्हणजे अडीनडीची पुंजी, हीही आपल्या घरांची रीतच आहे, आणि ज्या स्त्रियांनी घर वाचविण्यासाठी अंगावरचे उतरवून दिले त्यांना कुणी कलेचे शत्रू म्हणू नये. वस्तूला हक्क नसतात. कारागिराला त्याची मजुरी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मिळून चुकली. कायद्याने पाहता त्याचा संबंध तेथेच संपला. समान वाटणीत दोष काढणे तर अवघडच.

पण एक गोष्ट आम्ही त्या दिवशी बोललो नाही, आणि ती येथे लिहिण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला. भविष्य निर्वाह निधीतून थोडी उचल करून बंधूंचा आणि बहिणीचा वाटा, घडणावळीसुद्धा ढोबळ मानाने धरून, आम्हांस भागवता आला असता. तन्मणी बहिणीच्या हाती देता आला असता. भाव ठरत नव्हता हे खरे. पण भाव न ठरता देण्याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, आणि तो आम्हांस ठाऊक होता. आम्ही समतेचा आग्रह धरला, कारण समता आम्हांस स्वस्त पडत होती. तिघांना सारखे देण्यात आमचे स्वतःचे काहीच जात नव्हते. न्याय आणि चिकटपणा यांचा चेहरा कधी कधी इतका सारखा असतो की उलटून पाहिल्याशिवाय ओळखू येत नाही.

घडणावळ शून्य धरण्याची ही रीत एकट्या सोनाराची नव्हे. राज्यसंस्थेलाही असल्या वस्तूचे काय करावे, हे फारसे कळत नाही. जानेवारी १९६३ मध्ये सोने नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. हेतू देशहिताचा होता. चीनशी नुकतेच युद्ध झाले होते. परंतु ज्या कामाला शुद्ध सोनेच लागते, भेसळीच्या सोन्यावर ज्याचे रंग उठत नाहीत, त्याच्या भट्ट्यांवर काय प्रसंग आला असेल, याची कल्पना करावी. चौदा कॅरटची अट काही वर्षांत सुटली, तरी सोने नियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. याउलट, जून २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना त्यातून सूट मिळाली. लाख, काच आणि खडे यांच्यामधून सोने वेगळे काढून तपासावयाचे तर दागिनाच मोडावा लागतो. म्हणजे शासनाने येथे निदान एवढे मान्य केले की ही वस्तू मोजण्यासाठी मोडू नये. आम्हांस ही समजूत शासनाच्या अकरा वर्षे आधी सुचली नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या मार्च महिन्यात, आमचा असीरगड एकाएकी देशभर गाजला. फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला. त्यात मोगलांच्या बुऱ्हाणपुरातील खजिन्याची कथा होती, आणि १६८१च्या प्रारंभी मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटले हा तर इतिहासच आहे. हंबीरराव मोहित्यांच्या स्वारीत बहादूरपुऱ्यातून किती संपत्ती गेली, याची वर्णने आपल्याकडे अभिमानाने वाचली जातात. गडाच्या पायथ्याच्या शेतांत महामार्गाच्या कामाची माती पडली होती. तीत मोहरा सापडल्याची कुजबुज उठली, आणि रात्रीच्या रात्री शेकडो माणसे विजेऱ्या, कुदळी, चाळण्या आणि धातुशोधक यंत्रे घेऊन शेतांत उतरली. दूरचित्रवाणीवर ती दृश्ये पाहताना अंधारात जणू काजवे फिरत होते. आम्ही प्रथम हसलो. मग ध्यानी आले की त्या चाळण्यांत आणि आमच्या कागदावरच्या हिशेबात मोठासा भेद नाही. माती आणि काच गाळावी, पिवळे तेवढे ठेवावे.

असीरगडाने सोन्याचे खेळ बरेच पाहिले आहेत. जानेवारी १६०१ मध्ये गड अकबराच्या हाती आला तो साथीच्या रोगाने, असे अबुल फजल सुचवितो. लाच चारून आला, असे जेझुइट वृत्तान्त सांगतात. विजयाच्या स्मरणार्थ अकबराने असीर येथे सोन्याची मोहोर पाडली. तिच्यावर ससाणा आहे. एकाच बाजूस पक्षी, आणि तो पाहण्यासाठीच. उदगीरच्या लढाईनंतर १७६० मध्ये गड पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांकडे गेला, आणि एप्रिल १८१९ मध्ये इंग्रजांनी तो वेढा घालून घेतला. तिसऱ्या मराठा युद्धाचा शेवट तेथे झाला. या सगळ्या धामधुमीत कुणाच्या पेट्या उघडल्या गेल्या आणि कोणत्या मुशीत गेल्या, याची बखर नाही.

त्या पावसाळ्यानंतर बहीण आमच्याकडे आली होती. तिच्या मनात गुप्तेश्वराचे दर्शन घेण्याचे होते. गडावरच्या या शंकराला रोज पहाटे अश्वत्थामा फूल वाहून जातो, अशी आमच्याकडची श्रद्धा आहे. जन्मतः कपाळी असलेला मणी काढून घेतलेला अश्वत्थामा. म्हणतात, रात्री-अपरात्री भेटेल त्याच्याकडे तो जखमेसाठी तेल-हळद मागतो. महाभारतात तो मणी भीम द्रौपदीला आणून देतो आणि तिच्या इच्छेने युधिष्ठिर मस्तकी धारण करतो. न्याय पुरता झाला. अपराधही भयंकर होता. पण पायथ्याच्या गावात मण्याचे पुढे काय झाले हे कुणी सांगत नाही. पायऱ्या चढता येतात की नाही, हेच आम्हां दोघांचे सारखे बोलणे चालले होते, तरी वाटेत भेटलेल्या गुराख्याने थांबवून जखमेची हकीकत सांगितलीच.

परतताना शेतांत मार्चमधले खड्डे दिसले. काही बुजवलेले, काहींत पावसाचे पाणी राहिलेले. एका बांधावर आम्ही दमून बसलो. आम्ही खिशातून औषधाच्या गोळ्यांची जुनी डबी काढून बहिणीच्या हातात दिली. पंधरा वर्षे ती आमच्या टेबलाच्या खणात होती. भविष्य निर्वाह निधीचे जे तिला कधी सांगितले नव्हते, ते सांगितले.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं, दादा. तू तेव्हा पासबुक घेऊनच बसला होतास."

तिने काचेचा एक गोळा बोटांत धरून उन्हाकडे केला. तांबडा रंग जळून काळा पडला होता, पांढरा धुरकट झाला होता. एका कडेला तेवढी हिरवी चीर उजेडात उमटली. ती तो फिरवीत राहिली.

"यातला पक्षी कुठला रे?" तिने विचारले.